आमच्या मॅटाडोरला रस्त्यावर राहू द्या: परिवहन आणि पर्यटन विभागांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन

विषय: तीस वर्षांवरील, नीट राखलेल्या कॅम्पर गाड्यांना प्रवासाची आणि मुक्कामाची सोय मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. दोन वेगळ्या विभागांना एकच पत्र लिहिते आहे, कारण आमच्या गाडीचा प्रश्न तुमच्या दोघांच्या हद्दीवर येऊन अडला आहे. ती एक मॅटाडोर व्हॅन आहे. १९८० च्या दशकात आकुर्डीत बांधलेली, पहिल्यापासून खासगी नोंदणीची. बारामतीकडच्या एका एकत्र कुटुंबाने ती देवदर्शनाला आणि लग्नकार्याला म्हणून घेतली होती. पुढे भावाभावांची चूल वेगळी झाली आणि गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली. तिथून ती आम्ही पुण्यात आणली, दुरुस्त केली, आत पलंग आणि ओटा बसवला, आणि आता तिच्यातून महाराष्ट्र फिरतो. आमचं मागणं एकच आहे. गाडीचं वय मोजण्यापेक्षा ती कशी राखली आहे ते पाहा, आणि जुन्या गाडीने प्रवास करणाऱ्यांसाठी नियमांत जागा करा.

मॅटाडोर ही पुण्याची गाडी. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये उभ्या केलेल्या बजाज टेंपो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ती आकुर्डीत बांधली. मूळ रचना जर्मन, पण तिला वाढवली इथल्या कामगारांनी आणि वापरली इथल्या माणसांनी. शाळेची मुलं, दवाखान्यातले पेशंट, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातून गेलं. माझ्या पिढीतल्या पुणेकराला तिच्या इंजिनाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तरी कळतो.

कॅम्पर म्हणून ती अव्वल ठरते ती तिच्या रचनेमुळे. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना. मागे शाफ्ट जात नाही, त्यामुळे फ्लोअर सपाट आणि जमिनीपासून बेताच्या उंचीवर. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, आणि उंच जीपमध्ये त्यांना अक्षरशः उचलून बसवावं लागतं. मॅटाडोरच्या सरकत्या दारातून त्या एका पायरीवर आधार घेऊन स्वतः आत येतात, पलंगावर पाय लांब करतात, आणि मग गणपतीपुळे असो नाहीतर कोल्हापूर, त्यांचं काही म्हणणं नसतं. प्रवासात बाईमाणसाची, त्यातही म्हाताऱ्या बाईची, स्वच्छतागृहावाचून किती अडचण होते हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीत आम्ही पडदा लावून तीही सोय केली आहे. ही गाडी आमच्या घरात आली ती या कारणाने. जुन्या वस्तूंचा छंद नंतर लागला.

आता दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'जुनी गाडी म्हणजे भंगार' हा समज तिथेच खोटा ठरतो. गाडी आणली तेव्हा वरून बरी दिसत होती. मॅट काढलं आणि ड्रायव्हरच्या सीटमागे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो पत्र्यातून थेट जमिनीला लागला. छताच्या पन्हळीत वर्षानुवर्षं धूळ बसली होती, पावसाचं पाणी तिथे तुंबून दाराच्या खांबातून खाली झिरपत होतं, आणि फ्लोअर आतून कुजत होतं. वरून पुट्टी भरून रंग मारणारे भरपूर भेटले. आम्ही सडलेला पत्रा कापून काढला, त्याच जाडीचा नवा पत्रा मापात कापून वेल्ड केला, रेड ऑक्साइड मारलं, आणि पन्हळीचा प्रत्येक सांधा सील केला. ज्या डेंटरने हे काम केलं त्याचं वय सत्तरीच्या पुढे आहे. हातोडी मारताना तो पत्र्याखाली दुसऱ्या हाताने लोखंडी ठोकळा धरतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो की पत्रा सपाट झाला की नाही. हे काम शिकवणारी आयटीआय मला अजून सापडलेली नाही.

इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं, चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं डिझेल. याच घराण्याचं इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीतही होतं, त्यामुळे रिंगा, बेअरिंग, गॅस्केट नाना पेठेत विचारलं तर निघतं. खरे हाल होतात ते काचेच्या रबरासाठी, दाराच्या कुलपासाठी, सरकत्या दाराच्या रोलरसाठी. त्यातलं काही जुन्या बाजारात मिळालं, काही भोसरीत लेथवर करून घेतलं. मी आयुष्यभर भोसरीतल्याच एका टूलरूममध्ये ड्रॉइंगं काढली, त्यामुळे झिजलेल्या रोलरची मापं घेऊन नवा बनवून घेणं मला जड गेलं नाही. पण प्रत्येकाला ते जमावं अशी अपेक्षा कशी करायची?

एक गोष्ट मी लपवत नाही: ही गाडी बंद पडते. पुन्हाही पडेल. कधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरते, कधी सेल्फ रुसतो, चढावर तापमानाचा काटा वर सरकला की बाजूला घेऊन थांबावं लागतं. पण ती बंद पडते तशी चालूही होते, आणि तीही रस्त्याच्या कडेलाच. मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात गाडी आचके द्यायला लागली आणि बंद पडली. नवऱ्याने मागे लाल त्रिकोण ठेवला, चाकांना दगड लावले. मी इंजिनाचं झाकण उघडलं, डिझेल फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीड पंपाचा दट्ट्या हाताने मारत राहिले. आधी नुसता फेस आला. मग फेसात डिझेल, मग बुडबुडे विरळ, आणि शेवटी स्वच्छ सलग धार. स्क्रू आवळला, हीटर प्लग तापू दिले, सेल्फ मारला. गाडी चालू. हवा कुठून येते ते शोधलं तर फिल्टरच्या जोडावरचा तांब्याचा वायसर चेपला होता. तेवढ्यात एका एसटीच्या चालकाने गाडी हळू करून विचारलं, "ताई, काही लागतंय का?" वायसर आमच्याकडे होता. पण त्यांनी विचारलं, हे महत्त्वाचं.

या इंजिनाचा डिझेल पंप यांत्रिक आहे. एकदा चालू झालं की त्याला कुठल्याही कॉम्प्युटरची गरज नाही, आणि मुळशीतल्या किंवा महाडच्या गॅरेजमधला मुलगा दोन पान्यांवर ते उघडू शकतो. नव्या कोऱ्या गाडीचा सेन्सर गेला तर ती क्रेनवर चढवून शहरात आणावी लागते. वस्तू दुरुस्त करून वापरणं, पुरवून वापरणं, हे आपल्या घरांतलं जुनं वळण आहे आणि मला ते मोलाचं वाटतं.

मा. परिवहन आयुक्त, आता नियमांकडे येते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत ८१अ पासून नवी कलमं घातली. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं झालेली गाडी विंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत. नियम आले ही चांगलीच गोष्ट झाली. पण या गाडीने रस्त्यावर यायचं ते प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे आमची मॅटाडोर पन्नाशीची झाली आणि आम्ही तिला हा मान मिळवून दिला, तर त्या दिवसापासून सासूबाईंना तिच्यातून पंढरपूरला नेता येणार नाही. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल नसावा अशी अट आहे. राजवाड्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीला ती जमेल. कोकणातला पाऊस खाल्लेल्या व्हॅनचा सडलेला पत्रा बदलला तर तो बदल धरायचा की दुरुस्ती?

पन्नाशीच्या आत असलेल्या गाडीला तर वेगळी ओळखच नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, त्यासोबत २०१० पासून महाराष्ट्राचा पर्यावरण कर. फेरनोंदणीची फी हलक्या मोटारीला पूर्वी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील गाडीला १०,०००. आम्ही ती भरतो आणि पुढेही भरू. पण फी वाढवण्यामागचा हेतू उघड आहे: जुनी गाडी मालकाने स्वतःहून मोडीत काढावी. रोज शहरात धूर ओकत फिरणाऱ्या, देखभाल नसलेल्या गाडीसाठी तो हेतू मला पटतो. वर्षातून काही मोजक्या सहली करणाऱ्या, तेल-पाणी वेळेवर बदललेल्या गाडीलाही तोच तराजू का?

धुराबद्दल स्पष्ट लिहिते. जुनं डिझेल इंजिन नव्या इंजिनाइतकं स्वच्छ कधीच होणार नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण नोझल तपासलेले असतील, पंप कॅलिब्रेट केलेला असेल आणि एअर फिल्टर साफ असेल तर ते काळा धूर सोडत नाही. पीयूसीच्या स्मोक मीटरवर या पिढीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिजची (धुराचा काळेपणा मोजायच्या एककाची) मर्यादा आहे. आमच्यासाठी ती खाली आणा, आमची हरकत नाही. वर्षाला अमुक किलोमीटरच चालवायची अशी अट घाला, मीटरचं रीडिंग दरवर्षी नोंदवून घ्या. सीट बेल्ट बसवायला सांगा, ब्रेकची चाचणी दरवर्षी घ्या. या अटी आम्हाला जाचक वाटणार नाहीत, कारण आम्ही आमचीच माणसं या गाडीत बसवतो.

जर्मनीत हे १९९७ पासून चालू आहे. तिथे तीस वर्षांची, मूळ रूपात नीट राखलेली गाडी तज्ज्ञाने तपासून पास केली की तिच्या नंबर प्लेटवर शेवटी 'एच' अक्षर येतं आणि तिला ठरावीक सवलतीचा कर लागतो. महत्त्वाचं हे की ती गाडी नेहमीसारखी रस्त्यावर चालवता येते. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिव्हा, तीही ऐतिहासिक वाहनासाठी तीस वर्षांचीच मर्यादा धरते. आमच्या मॅटाडोरची जर्मन भावंडं तिथे या नियमाखाली आजही कॅम्पर म्हणून फिरू शकतात.

केंद्राचे नियम तुम्ही बदलू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण राज्याच्या हातात जे आहे तेही थोडं नाही. तीस वर्षांवरील, प्रवासाची मुभा असलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग करावा असा प्रस्ताव राज्य सरकार केंद्राला पाठवू शकतं. त्याची तपासणी कशी असावी हे ठरवायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. एआरएआय आणि सीआयआरटी या वाहनांची तपासणी आणि संशोधन करणाऱ्या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. पर्यावरण कर तर राज्याचाच आहे. किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या आणि कमी धुराच्या चाचणीत उतरणाऱ्या गाडीला त्यात सूट देता येईल.

आणि एक काम उद्या करता येण्यासारखं आहे. गाडीच्या आत काय बसवलं तर चालतं, हे लेखी सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात फरक पाडणारे बदल करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. छत कापून उंच करणं, चासी लांबवणं, असले प्रकार थांबलेच पाहिजेत. पण बोल्टने बसवलेला आणि दहा मिनिटांत काढता येणारा पलंग हा बदल आहे का? पाण्याची टाकी? दुसरी बॅटरी? आम्हाला एका कार्यालयात सांगितलं की सामान काढता येत असेल तर काही अडचण नाही. दुसऱ्या एका कार्यालयात तेच सामान बघून पासिंग अडवलं. दोन्ही ठिकाणी कागद कोणीच दाखवला नाही. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन, म्हणजे भाड्याने न चालणाऱ्या, वाहनांच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहे. मग जुन्या खासगी व्हॅनची या प्रकारात नोंद करून घ्यायची तर अर्ज कोणता, सीट कमी केल्यावर आसनक्षमतेची नोंद कशी बदलायची, गॅसच्या शेगडीसाठी अट काय, याचं एक परिपत्रक काढा. गॅसचंच उदाहरण घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून आम्ही पाच किलोचा सिलिंडर बंद पेटीत ठेवला आहे आणि पेटीच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक ठेवलं आहे. हे आम्ही आमच्या समजुतीने केलं. दुसरा कोणी सिलिंडर पलंगाखाली ठेवेल आणि झोपेल. नियम लिहिलेला असता तर त्याचाही जीव सुरक्षित राहिला असता.

मा. संचालक, पर्यटन संचालनालय, तुमच्याकडे गाऱ्हाणं कमी आणि आशा जास्त आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण त्यात विचार आहे तो व्यवसायाचा: कॅराव्हॅन भाड्याने देणारे आणि कॅराव्हॅन पार्क उभारणारे. स्वतःच्या गाडीत स्वतःचं अंथरूण घेऊन निघालेलं कुटुंब संध्याकाळी कुठे थांबणार?

आज आम्ही पेट्रोल पंपाच्या आवारात थांबतो, ढाब्यामागे थांबतो, ओळखीतून कोणाच्या शेतात थांबतो. देवळाच्या आवारातून रात्री उठवलेलं आहे. माणसं वाईट नसतात. रात्री अकरा वाजता पडदे लावलेली व्हॅन दिसली की कोणालाही शंका येणारच. अशा वेळी सासूबाईंना झोपेतून उठवून, अंधारात पुन्हा घाट उतरायचा, तोही या गाडीने, हे मला अजिबात नको असतं. जुनी गाडी उजेडात चालवावी आणि अंधार पडायच्या आत थांबवावी, हा आमचा पहिला नियम आहे. तो पाळायचा तर थांबायची जागा लागते.

पर्यटन महामंडळाची निवासं पानशेत, कार्ला, महाबळेश्वर, भंडारदरा, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली अशी मोक्याच्या ठिकाणी आहेत. त्यांच्या आवारात गाड्या उभ्या करायला जागा असते. तिथे दोन-चार गाड्यांना रात्रीपुरतं थांबू द्या. पैसे घ्या, आधारकार्ड बघा, नोंद ठेवा. आम्हाला खोली नको. पिण्याच्या पाण्याचा एक नळ, पंधरा अँपिअरचा एक सॉकेट, स्वच्छतागृह, आणि मैलापाणी ओतायला जोडणी. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. तशी जागा नसेल तर बेजबाबदार माणूस ते पाणी धरणाच्या काठी नाहीतर समुद्राच्या वाळूत ओतेल, आणि मग सगळ्याच कॅम्परवाल्यांवर बंदी येईल. आम्ही आमची मैलापाण्याची पेटी बंद करून पुण्यापर्यंत परत आणतो, पण चार दिवसांच्या प्रवासात ते किती कठीण जातं याची कल्पना करा. कृषी पर्यटन केंद्रांनाही हीच परवानगी देता येईल. २०२० च्या धोरणाखाली नोंदलेल्या शेतकऱ्याला बांधकाम न करता, अंगणातल्या सपाट जागेवर चार पैसे मिळतील, आणि आम्हाला सकाळी ताजं दूध.

तुम्ही दोन्ही विभाग एकदा एकत्र बसलात तर बहुतेक गोष्टी एका बैठकीत सुटतील असं मला खरंच वाटतं. परिवहनने गाडी तपासून एक ओळखपत्र द्यावं, पर्यटनने ते ओळखपत्र पाहून मुक्काम द्यावा. ज्याची गाडी तपासणीत उतरणार नाही, त्याला मुक्कामही नाही. यामुळे गाड्या चांगल्या राखण्याचं कारणही मालकांच्या हाती येईल. आज दंड आणि फी सोडली तर तसं कारण कोणी देत नाही.

तपासणीची पद्धत ठरवताना नमुन्याला गाडी हवी असेल तर आमची मॅटाडोर घेऊन जा. फ्लोअरखालचं वेल्डिंग, गॅसची पेटी, ब्रेक, धूर, सगळं उघडून बघा. कमी पडलं ते लिहून द्या, आम्ही करून आणू. फेरनोंदणीची आमची मुदत जवळ येते आहे. वर मागितलेलं परिपत्रक त्याआधी निघालं तर त्याची प्रत अर्जाला जोडता येईल, आणि पासिंगला आलेल्या अधिकाऱ्यालाही पलंगाकडे बघून काय लिहायचं ते ठाऊक असेल.

आपली,
एका मॅटाडोरची मालकीण, पुणे